मास्तर गेले, शाळा टिकली

घरातला मुलगा सहामाहीत गणितात गचकला की आई-वडील काय करतात? आधी त्याला रागावतात, मग शिकवणी बदलतात. नवे सर येतात, फी वाढते, कपाटात नवी गाइडं येतात. आणि बऱ्याच घरांत वार्षिक परीक्षेचा निकाल सहामाहीसारखाच लागतो! कारण सर बदलले तरी मुलाची उठायची वेळ, वहीतली खाडाखोड आणि 'होईल पास' हा दिलासा तसाच राहिलेला असतो.

खेळातल्या संघांचं काही वेगळं नसतं. संघ हरू लागला की प्रशिक्षक बदलायचा, हा सोपा उपाय. पण हरणाऱ्या संघाची सवय बदलणारा प्रशिक्षक क्वचित सापडतो, आणि तो निघून गेल्यावरही ती सवय टिकली असं तर त्याहून क्वचित घडतं.

अमेरिकेत या कामाचा चक्क पेशाच झाला आहे. तिथे कॉलेजच्या टेनिस, बास्केटबॉल संघांना पगारी प्रशिक्षक असतात. एखाद्या कॉलेजचा संघ तळाला गेला की असा माणूस शोधून आणतात. तो चार-पाच वर्षांत संघ उभा करतो आणि पुढच्या पडक्या संघाकडे जातो. आपल्याकडे कॉलेजच्या खेळाची भिस्त बहुधा एकट्या पीटीच्या सरांवर असते. त्यामुळे तसा पेशा इथे रुजला नाही. पण रणजी करंडक क्रिकेटमध्ये मात्र बॅग भरून या राज्यातून त्या राज्यात जाणारे आणि खचलेले संघ सावरणारे मास्तर तयार झाले. त्यातलं सर्वांत मोठं नाव एका मुंबईकराचं आहे. चंद्रकांत पंडित!

खडूसांच्या शाळेतला यष्टिरक्षक

पंडितांचा जन्म 30 सप्टेंबर 1961चा. क्रिकेटचे धडे शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांकडे. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे ही त्याच शाळेतली पुढची नावं. आचरेकर सरांच्या तालमीत कौतुक कमी आणि मेहनत जास्त. चांगली खेळी झाली तरी पाठ थोपटली जाईलच याची खात्री नसे. चूक झाली तर बोलणी मात्र ठरलेली.

मुंबईच्या क्रिकेटला बाहेरचे लोक 'खडूस' म्हणतात आणि मुंबईकर ते बिरुद म्हणून मिरवतात. खडूस म्हणजे विकेट सहजासहजी न देणारा, हातातला सामना न सोडणारा आणि हातातून गेलेला सामनाही शेवटच्या चेंडूपर्यंत ओढत नेणारा. पंडित हे या खडूसपणाचं चालतं-बोलतं उदाहरण.

भारताकडून ते 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. 1987च्या विश्वचषकाच्या संघातही होते. पण त्या काळात यष्टींमागे किरण मोरे घट्ट पाय रोवून उभा होता. त्यामुळे पंडितांच्या वाट्याला बराचसा काळ वाट पाहणंच आलं. देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र त्यांनी आठ हजारांवर धावा केल्या. आधी मुंबई, मग आसाम आणि शेवटी मध्य प्रदेश असा त्यांचा प्रवास झाला.

यष्टिरक्षकाच्या जागेवरून सगळं मैदान समोर दिसतं. कोणता गोलंदाज दमला, कोणता क्षेत्ररक्षक झोपला, कोणत्या फलंदाजाचे पाय लटपटताहेत, हे त्याला सर्वांत आधी कळतं. पुढे मास्तरकी करताना पंडितांना हीच नजर कामाला आली असणार.

बंगळुरूची सल

एप्रिल 1999. बंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम. रणजी करंडकाचा अंतिम सामना कर्नाटक आणि मध्य प्रदेश यांच्यात. मध्य प्रदेशचे कर्णधार चंद्रकांत पंडित.

इथे एक नियम समजून घ्यायला हवा. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ विजेता ठरतो. मध्य प्रदेशनं ती आघाडी घेतलेली होती. म्हणजे शेवटच्या दिवशी फक्त टिकून राहिलं असतं तरी करंडक इंदूरला गेला असता. पण संघ कोसळला आणि 96 धावांनी हरला.

हातातोंडाशी आलेला घास गेला. मध्य प्रदेश या नावानं खेळणाऱ्या संघानं तोवर एकदाही करंडक जिंकलेला नव्हता. इंदूरला रणजी करंडक नवा नव्हता म्हणा. होळकर संस्थानचा संघ सी. के. नायडूंच्या जमान्यात चार वेळा विजेता ठरला होता. हे नायडू मूळचे नागपूरचे. होळकरांनी बोलावून घेतलं म्हणून ते इंदूरला गेले आणि तिथलेच झाले. पण होळकरांचा शेवटचा विजय 1952-53च्या मोसमातला. त्यानंतर सगळा दुष्काळच! तो संपवण्याची संधी पंडितांच्या हातून निसटली. ही सल मनात घेऊनच त्यांचे खेळण्याचे दिवस सरले.

मुंबईनं बदलला, नागपूरनं बोलावला

प्रशिक्षक म्हणून पंडितांनी नाव कमावलं ते घरच्याच मैदानावर. त्यांच्या हाताखाली मुंबईनं 2002-03 आणि 2003-04 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. पण त्याचं फार अप्रूप कुणाला वाटलं नाही. मुंबईनं करंडक जिंकणं म्हणजे श्रीमंताघरी पुरणपोळी! त्यात आचाऱ्याचं काय कौतुक?

दशकभरानंतर पंडित पुन्हा मुंबईकडे आले तेव्हा घर तेवढं श्रीमंत राहिलं नव्हतं. डिसेंबर 2014 मध्ये वानखेडेवर जम्मू-काश्मीरनं मुंबईला हरवलं होतं आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यांवर सुतकी चेहरे दिसत होते. 2015-16 मध्ये पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईनं पुण्यात सौराष्ट्रला डावानं हरवून करंडक परत आणला. श्रेयस अय्यर या तरुण फलंदाजानं त्या मोसमात 1321 धावा केल्या. पुढच्या वर्षी संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला. पण जानेवारी 2017 मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर गुजरातकडून हरला. लगेच मुंबईनं प्रशिक्षक बदलला!

दोन वर्षांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद. तरी नोकरी गेली. दुसरा एखादा घरी बसून आत्मचरित्र लिहायला घेता. पंडितांनी नागपूरचं बोलावणं स्वीकारलं.

विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा संघ 1957-58 पासून या नावानं रणजी खेळत होता. साठ वर्षांत तो अंतिम फेरीतसुद्धा पोचला नव्हता. मोठ्या संघांनी विदर्भाविरुद्धचे गुण आधीच हिशेबात धरावेत अशी स्थिती बराच काळ होती. मात्र पंडित गेले ते ओसाड जागेवर नाही. जामठ्याचं भव्य स्टेडियम 2008 पासून उभं होतं. असोसिएशननं अकादमीवर पैसा आणि वेळ खर्च केला होता. भारताकडून खेळलेला प्रशांत वैद्य क्रिकेट विकासाचं काम बघत होता. वासीम जाफरसारखा मुरलेला मुंबईकर संघात आलेला होता. विटा होत्या, चुना होता. गवंडी हवा होता.

तीन गुणांचा आजार

कमकुवत संघाचा आजार नेमका कोणता? गुणवत्ता नसते, हे सोपं उत्तर. पण ते पुरं पडत नाही. रणजीच्या साखळीत सामना निर्णायक जिंकला तर 6 गुण मिळतात. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला 3 आणि दुसऱ्याला 1. दुबळे संघ नकळत या तीन गुणांच्या आशेवर जगायला शिकतात. आघाडी मिळाली की दोन दिवस नुसती फलंदाजी करायची. ती नाही मिळाली तर एका गुणावर समाधान मानून गाडी पकडायची. हरलो नाही, यातच आनंद! दरवर्षी काठावर पास होणाऱ्या मुलाला जसा 35 मार्कांचाच सराव होतो, तसा संघालाही बरोबरीचा सराव होतो.

पंडितांची ख्याती ही सवय मोडण्याची. शिस्तीच्या बाबतीत ते कडक. वेळ म्हणजे वेळ, मग खेळाडू भारताकडून खेळून आलेला असो की काल संघात आलेला. त्यांच्या संघात ज्येष्ठांना वेगळं ताट नसतं. सराव लांबलचक असतो आणि प्रत्येकाला आपलं काम नेमकं ठाऊक असावं लागतं. हे सगळं ऐकायला फार नवलाचं नाही. शाळेच्या प्रत्येक हेडमास्तरांच्या भाषणात ते असतंच. अवघड असतं ते रोज, न कंटाळता, कुणाचाही वाईटपणा घेऊन अमलात आणणं.

त्याचं फळ डिसेंबर 2017 मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर दिसलं. उपांत्य सामन्यात विदर्भासमोर बलाढ्य कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव 185 धावांत आटोपला. कर्नाटकनं 301 धावा करून भलीमोठी आघाडी घेतली. जुना विदर्भ असता तर तिथेच बॅगा भरल्या असत्या. या संघानं दुसऱ्या डावात 313 धावा उभारल्या. कर्नाटकला विजयासाठी 198 धावा हव्या होत्या. रजनीश गुरबानी या तरुण वेगवान गोलंदाजानं एकट्यानं 7 बळी घेतले आणि विदर्भ अवघ्या 5 धावांनी जिंकला! हा गुरबानी शिक्षणानं सिव्हिल इंजिनियर. पूल बांधायचं शिकलेल्या या पोरानं समोरच्यांचा पूल मात्र पाडला.

अंतिम सामना दिल्लीशी, आणि तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. जिथे वर्षभरापूर्वी मुंबईचा पराभव पाहून पंडितांची नोकरी गेली होती, तेच मैदान! गुरबानीनं हॅट्‌ट्रिक केली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी फक्त एकदाच, 1972-73 मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमनं हॅट्‌ट्रिक घेतली होती. मग अक्षय वाडकर या यष्टिरक्षकानं 133 धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीतलं त्याचं हे पहिलंच शतक. वाडकरचं हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. 1 जानेवारी 2018 रोजी फैज फजलचा विदर्भ संघ 9 गडी राखून जिंकला आणि नागपूरला दिवाळी दोन महिने उशिरा साजरी झाली.

या विजयामागे एक छोटी गोष्ट आहे आणि ती पैशांची आहे. आदल्या मोसमात वासीम जाफर दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. तरीही असोसिएशननं त्याला ठरलेलं मानधन दिलं. त्याची जाण ठेवून जाफर या विजयी मोसमात मानधन न घेता खेळला. ज्या घरात माणसं असं वागतात, तिथे मास्तरांचं कामही थोडं सोपं होतं.

एखादा संघ एकदा जिंकला तर लोक नशीब म्हणतात. विदर्भानं पुढच्याच मोसमात नागपूरच्या मैदानावर सौराष्ट्रला 78 धावांनी हरवून करंडक राखला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटेनं 11 बळी घेतले. चेतेश्वर पुजारासारख्या भिंतीला त्यानं दोन्ही डावांत मिळून एका धावेत गुंडाळलं. इराणी करंडकही सलग दुसऱ्यांदा विदर्भाकडेच राहिला. पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा काही दिवसच झाले होते. संघानं बक्षिसाची रक्कम शहीद जवानांच्या कुटुंबीयांना देऊन टाकली.

तेवीस वर्षांनी तेच मैदान

मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेशनं पंडितांना बोलावलं. आणि लगेच कोरोना आला. 2020-21 मध्ये रणजी करंडक झालाच नाही. नव्या मास्तरांच्या हाती वर्ग आला आणि शाळाच बंद!

स्पर्धा परत सुरू झाली ती 2022 मध्ये. आदित्य श्रीवास्तवच्या संघात फारशी बडी नावं नव्हती. जी होती त्यातले आवेश खान आणि वेंकटेश अय्यर अंतिम सामन्याच्या वेळी भारतीय संघाबरोबर होते. तो सामना बंगळुरूला, चिन्नास्वामी स्टेडियमवरच होता. समोर 41 वेळा विजेती ठरलेली मुंबई होती आणि मुंबईच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत अमोल मुजुमदार. म्हणजे दोन्ही तंबूंत आचरेकर सरांचेच शिष्य!

मुंबईनं 374 धावा केल्या. मध्य प्रदेशनं यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांच्या जोरावर 536 धावा करून आघाडी घेतली. म्हणजे 1999 सारखीच स्थिती. आता फक्त टिकून राहायचं होतं. पण या वेळी संघ टिकून राहायला आलेलाच नव्हता. मुंबईचा दुसरा डाव 269 धावांत गुंडाळून मध्य प्रदेशनं 6 गडी राखून सरळ विजय मिळवला. तारीख 26 जून 2022. कठोर म्हणून ओळखले जाणारे पंडित मैदानावर उभे राहून रडले आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. प्रशिक्षक म्हणून त्यांचा हा सहावा रणजी करंडक.

सगळीकडे छडी चालत नाही

पण इथेच थांबलं तर गोष्ट अर्धवट राहील. या विजयानंतर कोलकाता नाइट रायडर्सनं पंडितांना आयपीएलमध्ये नेलं. पहिल्या वर्षी, 2023 मध्ये, संघ सातवा आला. 2024 मध्ये विजेता ठरला. कर्णधार होता तोच श्रेयस अय्यर, 2015-16 मध्ये मुंबईसाठी धावांचा डोंगर उभारणारा. मात्र त्या यशाचं माप बऱ्याच जणांनी मार्गदर्शक गौतम गंभीरच्या पदरात टाकलं. 2025 मध्ये संघ आठवा आला आणि जुलैमध्ये पंडित बाहेर पडले.

कोलकात्याकडून खेळलेला नामिबियाचा डेव्हिड वीसा यानं तर जाहीरपणे सांगितलं की, पंडितांची शिस्त लष्करी थाटाची होती आणि जगभर खेळून आलेल्या परदेशी खेळाडूंना ती रुचत नव्हती. यात चूक कुणाची, हा वाद घालण्यात अर्थ नाही. इंदूर-नागपूरच्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला जी शिस्त घडवते, तीच तिशी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूला जाचते. शिवाय रणजीचा मास्तर वर्षभर मुलांबरोबर असतो. आयपीएलचा संघ दोन महिन्यांसाठी एकत्र येतो. सवय लावायला दोन महिने पुरत नाहीत.

जयपूरचा धडा

आता जयपूरला जायला हवं. कारण पडका संघ सावरण्याची आणखी एक मोठी गोष्ट तिथे घडली, तीही एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली. पण तिचा शेवट वेगळा आहे.

अजमेर रोडवरचा सोडाला हा जयपूरचा गजबजलेला, नोकरदारांचा भाग. तिथून काही किलोमीटरवर सवाई मानसिंग स्टेडियम आहे. राजस्थानच्या क्रिकेटनं या शहराला बरीच वर्षं फक्त हुरहूर दिली होती. 1960-61 ते 1973-74 या काळात राजस्थान आठ वेळा रणजीच्या अंतिम फेरीत गेला आणि आठही वेळा हरला. त्यातले सात पराभव मुंबईकडून! विजय मांजरेकर, सलीम दुराणी, हनुमंत सिंग असे मोहरे असूनही करंडक काही मिळाला नाही. पुढे तर घसरण होत होत संघ रणजीच्या खालच्या, प्लेट गटात जाऊन पडला.

2010-11 मध्ये राजस्थाननं बाहेरून तीन अनुभवी खेळाडू आणले. दिल्लीचा आकाश चोप्रा, ओडिशाचा रश्मी रंजन परिदा आणि पुण्याचा हृषीकेश कानिटकर. कर्णधारपद कानिटकरकडे आलं. हाच तो कानिटकर, ज्यानं जानेवारी 1998 मध्ये ढाक्यात सकलेन मुश्ताकला चौकार मारून पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना जिंकून दिला होता. त्या एका चौकारापुरतंच लोक त्याला ओळखत होते.

त्या मोसमात सवाई मानसिंग स्टेडियमवर हैदराबादचा अख्खा संघ 21 धावांत गारद झाला. रणजीतली ती तोवरची नीचांकी धावसंख्या. अठरा वर्षांचा दीपक चहर पदार्पणातच 10 धावांत 8 बळी घेऊन गेला. दोन वर्षांपूर्वी याच चहरला जयपूरच्या अकादमीच्या निवडीत डावललं गेलं होतं! प्लेट गटातून वर आलेल्या राजस्थाननं मग बाद फेरीत मुंबईला घरी पाठवलं, तमिळनाडूला मागे टाकलं आणि अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक जिंकला. प्लेट गटातून येऊन रणजी जिंकणारा तो पहिलाच संघ. पुढच्या मोसमात चेन्नईला तमिळनाडूविरुद्ध विनीत सक्सेनानं पंधरा तास खेळपट्टीवर ठाण मांडून 257 धावा केल्या आणि कानिटकरच्या संघानं करंडक राखला. पन्नास वर्षांत जे झालं नाही, ते दोन मोसमांत दोनदा झालं.

आणि नंतर? मे 2014 मध्ये ललित मोदी राजस्थान क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदी निवडून आले आणि भारतीय क्रिकेट मंडळानं असोसिएशनच निलंबित केली. ते निलंबन उठायला डिसेंबर 2017 उजाडला. 2024 मध्ये कार्यकारिणी पुन्हा बरखास्त होऊन तदर्थ समिती आली. खेळाडू येत राहिले. चहर भारताकडून खेळला. 2023 मध्ये संघ विजय हजारे करंडकाच्या अंतिम फेरीतही गेला. पण 2012 नंतर 2025 पर्यंत रणजी करंडक काही जयपूरला परतला नाही. वर्गात मुलं हुशार, कर्णधार जाणता. पण शाळेच्या कमिटीचीच भांडणं मिटेनात. असं असेल तर फळ्यावर लिहिलेलं पुसलं जायला वेळ लागत नाही.

कानिटकर मात्र थांबला नाही. पुढे तोही प्रशिक्षक झाला. 2022 मध्ये वेस्ट इंडीजला झालेल्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघ त्याच्या हाताखाली होता. ऐन स्पर्धेत कर्णधार यश धुलसह सहा मुलं कोरोनामुळे विलगीकरणात गेली आणि अकरा जण उभे करणंही मुश्कील झालं. तरीही त्या संघानं विश्वचषक जिंकला.

नागपूरचं उत्तर

पंडित गेल्यावर विदर्भाचं काय झालं? खरी परीक्षा तीच होती. फैज फजल आणि जाफर निवृत्त झाले. काही वर्षं संघ चाचपडला. पण मार्च 2024 मध्ये तो वानखेडेवर अंतिम सामना खेळत होता. मुंबईनं विजयासाठी 538 धावांचं अशक्य लक्ष्य दिलं. विदर्भ हरला, पण 368 धावा करून, लढून. कर्णधारानं शतक काढलं. त्याचं नाव अक्षय वाडकर!

पुढच्या मोसमात उपांत्य सामन्यात याच मुंबईला विदर्भानं 80 धावांनी हरवलं. 2 मार्च 2025 रोजी नागपूरला केरळविरुद्धचा अंतिम सामना पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर जिंकून तिसऱ्यांदा करंडक मिळवला. करुण नायरसारखा अनुभवी पाहुणा संघात होता, हे खरं. पण अंतिम सामन्यात 153 धावा करणारा दानिश मालेवार घरचा. एका मोसमात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे घरचा. मोसमात 960 धावा करणारा यश राठोड घरचा. आणि प्रशिक्षक उस्मान गनीही नागपूरचेच. 2018च्या अंतिम सामन्यात पहिलं शतक ठोकणारा तो कोवळा यष्टिरक्षक आता कर्णधार म्हणून करंडक उचलत होता. मास्तर गेले होते. शाळा चालू होती.

जयपूरला करंडक दोन आले, नागपूरलाही दोनच आले होते. फरक नंतर पडला. विदर्भात मैदान, अकादमी, वयोगटांचे संघ आणि त्यांना सांभाळणारी माणसं मास्तरांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. बाहेरून आलेल्या माणसानं लावलेली सवय घरच्यांनी सांभाळली. राजस्थानात घराची कारभारीणच जाग्यावर नव्हती.

शिकवणी लावणाऱ्या आई-वडिलांनी यातून एवढं जरूर घ्यावं. कडक सर मिळाले तर चांगलंच. ते दोन वर्षांत मुलाला वर काढतीलही. पण सर तासाभरात निघून जातात. उरलेल्या वेळात घरातला टीव्ही कधी बंद होतो, दिलेली वेळ कोण पाळतं आणि 35 मार्कांना पेढे वाटले जातात का, यावर पुढच्या वर्षीचा निकाल ठरतो.